वॉटसन हॉटेल म्हणजे फक्त जमशेटजींच्या अपमानाची गोष्ट नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ताज हॉटेलचा विषय निघाला की आपल्याकडे वॉटसन हॉटेलचं नाव हमखास येतं आणि तेही एका वाक्यापुरतं, की तिथे जमशेटजी टाटांना आत घेतलं नाही, फक्त गोऱ्यांसाठी आहे म्हणाले, मग त्यांनी जिद्दीने ताज बांधलं. शाळेतल्या भाषणापासून व्हॉट्सॲपपर्यंत हीच गोष्ट फिरते आणि ती सांगून झाली की वॉटसन संपलं. पण ते हॉटेल ज्या बिल्डिंगमध्ये होतं ती बिल्डिंग अजून उभी आहे हो. काळा घोड्याला, महात्मा गांधी रोडवर, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगच्या शेजारी. एस्प्लनेड मॅन्शन हे तिचं आत्ताचं नाव. जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायला जाणारे, कोर्टात तारखेला जाणारे, युनिव्हर्सिटीत मार्कशीटसाठी खेपा घालणारे असे किती लोक रोज तिच्यासमोरून जातात आणि बहुतेकांना ती पडायला आलेली एक जुनी बिल्डिंग एवढंच वाटतं. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

सुरुवात होते १८६० च्या दशकात. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेचे, म्हणजे एस्प्लनेडचे, प्लॉट लिलावात निघाले. जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापडवाला होता, मुंबईत त्याचा कापडाचा चांगला धंदा चाललेला, त्याने १८६४ मध्ये यातला प्लॉट घेतला. डोक्यात होतं मोठं शोरूम आणि ऑफिस काढायचं, हॉटेलचा विचार नंतरचा. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बसला, भले भले धुळीला मिळाले, तरी वॉटसनने काम सोडलं नाही.

आणि बिल्डिंग कशी बांधली ते तर खरंच वाचण्यासारखं आहे. डिझाइन केलं रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं ते भलंमोठं लोखंडी छप्पर आहे ना, त्याच्या कामात हाच माणूस होता, आणि त्याआधी १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनला जो काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला त्याच्या कामातही होता. वॉटसनसाठी लोखंडाचे खांब, तुळया, ब्रॅकेट असं सगळं इंग्लंडमध्ये डर्बीच्या फौंड्रीत ओतून घेतलं, जहाजात भरलं, मुंबईला आणलं आणि इथे मेकॅनोच्या खेळासारखं जोडलं. तेव्हा सुएझ कालवाही सुरू व्हायचा होता (तो झाला १८६९ च्या शेवटी). बिल्डिंगचं सगळं वजन या लोखंडी सांगाड्यावर आहे, मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. आज आपण जे आरसीसी टॉवर बांधतो त्यातही हेच असतं की, वजन कॉलम बीमवर आणि भिंती फक्त आडोशाला. हे १८६७ ते १८७१ च्या दरम्यान आपल्या फोर्टात झालंय, शिकागोच्या उंच इमारती यायच्या कितीतरी आधी. त्या वेळी लोकांनी असलं काही पाहिलेलंच नव्हतं, दगडी भक्कम भिंतींची सवय असलेल्या कोणीतरी या सांगाड्याला जमिनीतून वर आलेला अवाढव्य पिंजरा म्हटलं होतं. भारतात टिकून राहिलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सांगाड्याच्या इमारतींमध्ये ही सगळ्यात जुनी मानली जाते.

१८७१ ला हॉटेल सुरू झालं. पाच मजले, १३० खोल्या, मधोमध मोठा चौक आणि त्यावर काचेचं छप्पर, चौकात बॉलरूम, खाली रेस्टॉरंट आणि बार. चारी बाजूंनी गॅलऱ्या, तेव्हा समोर एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या त्यामुळे मैदान आणि समुद्राचा वारा थेट आत यायचा. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या पोरी होत्या. गोऱ्या साहेबांसाठी मुंबईतलं एक नंबरचं हॉटेल होतं ते. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन मुंबईला आला, कर्ज फेडायला तो जगभर भाषणं देत फिरत होता, तोही इथेच उतरला आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय, की कठड्यावर बसून ते माझ्याकडे बघत माझ्याबद्दल आपापसात चर्चा करतात, ते याच मुक्कामातलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो.

७ जुलै १८९६. पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रं दाखवली त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांचा माणूस मारिअस सेस्टिएर ऑस्ट्रेलियाला निघालेला, वाटेत मुंबईला उतरला आणि त्याने वॉटसनमध्ये खेळ लावले. पेपरात जाहिरात आली, शतकातला चमत्कार, जगातलं आश्चर्य अशा थाटाची. संध्याकाळी ६, ७, ९ आणि १० वाजता शो, तिकीट १ रुपया. त्या काळात १ रुपया म्हणजे साध्या माणसाची दोन तीन दिवसांची मजुरी, त्यामुळे कोण आले असतील ते सांगायला नको. सहा छोट्या फिती, एकेक मिनिटभराचीही नाही. स्टेशनात येणारी आगगाडी, समुद्रात अंघोळ करणारे लोक, भिंत पाडणारे मजूर, कारखान्यातून सुटलेले कामगार असलं साधंच सगळं. पण भारतात पडद्यावर हललेली ही पहिली माणसं. आज आपण ज्याला बॉलिवूड म्हणतो, मराठी सिनेमा म्हणतो, तमिळ तेलुगू म्हणतो, त्या सगळ्याचा पहिला शो या बिल्डिंगमध्ये झालाय.

लगेच आठवडाभराने, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरला गेले (नंतर त्याच जागी एक्सेलसिअर आलं) आणि तिथे तिकीट ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत झालं, पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय केली. म्हणजे गोऱ्यांच्या हॉटेलातली वस्तू थोड्याच दिवसांत आपल्या माणसांपर्यंत आली.

आणि हे खेळ ज्यांनी पाहिले त्यात एक होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. सावे दादा. मुंबईतले फोटोग्राफर. बाकीचे लोक बघून थक्क झाले आणि घरी गेले, या माणसाने लंडनला ऑर्डर पाठवून २१ गिनी मोजून स्वतःचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती लावली आणि ती कॅमेऱ्यात घेतली, फिल्म धुवायला परत लंडनला पाठवली, आली की लोकांना दाखवली. एका भारतीयाने घेतलेलं पहिलं चित्रीकरण हेच मानतात आणि विषय काय तर कुस्ती, यातच सगळं आलं. मग डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले. दापोलीकडच्या मुर्डीचा पोरगा केंब्रिजच्या गणितात पहिला आला म्हणून अख्ख्या महाराष्ट्राचा ऊर भरून आलेला, चौपाटीवर स्वागताला ही गर्दी, आणि सावे दादा तिथे कॅमेरा घेऊन हजर. आपल्याकडची पहिली न्यूजरील, म्हणजे बातमीची फिल्म, म्हणतात ती हीच. दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा यायला अजून बारा वर्षं होती.

फाळक्यांचं नाव आपण घेतो, घेतलंच पाहिजे, त्यांच्या नावाने पुरस्कार आहे, फिल्मसिटी आहे. पण सावे दादा? दहा मराठी माणसांना विचारा, एकाला तरी माहीत असेल का शंका आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आणि माझं म्हणणं असं आहे की वॉटसनची गोष्ट आपण सावे दादांच्या बाजूने सांगायला लागलो तर ती बिल्डिंग कुणा साहेबाची पडीक मालमत्ता वाटणार नाही, आपली वाटेल.

जमशेटजींच्या गोष्टीबद्दलही थोडं बोलतो. ती खरी असेल नसेल, अभ्यासकांमध्ये दुमत आहे. त्यांना ओळखणारे लोव्हॅट फ्रेझर, जे टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक होते, त्यांनी असं लिहिलंय की जमशेटजींना हॉटेलचा मालक व्हायची काही हौस नव्हती, लोक भारतात यावेत आणि मुंबई सुधारावी एवढीच इच्छा होती. मला तर हे कारण अपमानापेक्षा मोठं वाटतं. रागाने कोणीही काहीही बांधेल, पण १८९६ च्या प्लेगने शहर ओस पडलेलं असताना या शहरावर स्वतःच्या खिशातला पैसा लावायला वेगळीच छाती लागते. १६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं. आणि यातही एक मराठी नाव आहे जे कोणी घेत नाही, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सच्या हाताखाली काम केलेले, ताजचा मूळ आराखडा त्यांचा आणि डी. एन. मिर्झांचा. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आधीच वारले आणि मग चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने ते पुरं केलं. आपल्याकडे मात्र गप्पा चालतात त्या ताज उलटं बांधलं आणि आर्किटेक्टने जीव दिला असल्या, ज्यात काही तथ्य नाही.

ताज आल्यावर वॉटसनची सद्दी संपली. वीज आली, नवी चकाचक जागा आली, समोर समुद्र, मग जुन्याकडे कोण जातंय. हॉटेल हळूहळू मागे पडलं, मालक बदलले, मध्ये महेंद्र मॅन्शन नाव झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन, आणि खोल्यांची पार्टिशन टाकून छोटे छोटे गाळे पाडून भाड्याने दिले गेले. कोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं आली, काही कुटुंबं राहायला आली, खाली दुकानं.

मी या बिल्डिंगमध्ये ॲफिडेविटच्या कामाला गेलोय, तेव्हा वकील मंडळी होती तिथे. रुंद लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खड्डा पडलेल्या, कठड्याला हात लावला की हलायचा. वर गेलं की मधला चौक दिसायचा, जिथे कधीकाळी बँड वाजायचा आणि नाच व्हायचा तिथे एसीची खोकी, पाण्याचे पाइप, वायरींची जाळी, कुणाचे वाळत घातलेले कपडे. कुठल्या तरी गाळ्यातून टाइपरायटरचा आवाज. पण गॅलरीत एक बिडाचा खांब होता, रंगाचे पापुद्रे निघालेले, वरच्या ब्रॅकेटची नक्षी इतकी रेखीव की मी हात लावून बघितली. कडा अजून धारदार होत्या. त्याच खांबाच्या बुंध्याशी मात्र पाणी मुरून गंजाचे थर सुटत होते आणि वर कुणीतरी पोटमाळा काढून त्याच्या तुळया थेट जुन्या लोखंडात अडकवल्या होत्या. बिल्डिंगला काय झालंय आणि कशामुळे झालंय ते त्या एका खांबात दिसत होतं.

बीड हे वरून येणारं वजन झकास पेलतं पण वाकायला लागलं की तडकतं, हे कुठल्याही फौंड्रीवाल्याला विचारा. त्यावर वाढीव पोटमाळे, पाण्याच्या टाक्या, नवी पार्टिशन असं वजन चढत गेलं आणि खालून गंज. दुसरीकडे १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्यावर गोठली, मालकाच्या हातात येणार काय आणि दुरुस्तीवर लागणार काय याचा मेळच बसत नाही, भाडेकरू म्हणतात मालकाने करावं, मालक म्हणतो परवडत नाही, सरकारी दुरुस्ती तात्पुरत्या टेकूंच्या पुढे जात नाही. मी कुणा एकाला दोष देत नाही, अर्ध्या दक्षिण मुंबईची हीच कथा आहे, गिरगावात आमच्याकडेही हेच.

व्हायचं ते झालं, २००५ च्या पावसाळ्यात गॅलऱ्यांचा भाग रस्त्यावर कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने जगातल्या धोक्यात असलेल्या १०० वास्तूंच्या यादीत वॉटसनचं नाव घातलं, त्यासाठी आग्रह धरला होता रेन्झो पियानो या इटालियन आर्किटेक्टने, पॅरिसचं पोंपिदू सेंटर ज्यांनी केलं त्यातला एक. इटलीत बसलेल्या माणसाला जे दिसलं ते आपल्याला दिसू नये? मग २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने बिल्डिंग रिकामी केली. ते बरोबरच होतं, माणसाच्या जिवापेक्षा वास्तू मोठी नाही. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती दुरुस्तीपलीकडे गेली असं आलं, संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकारांनी सांगितलं की नाही, वाचवता येईल. कागदावर ती हेरिटेज ग्रेड २ अ मध्ये आहे.

मी इंजिनिअर नाही, पण एक मुद्दा माझ्या मनात कायम येतो आणि तो जाणकारांनी मनावर घ्यावा. ही बिल्डिंग सुट्या भागांची आहे. ती तुकड्या तुकड्यांत आली आणि जोडली गेली, म्हणजे ती तशीच टप्प्याटप्प्याने सोडवता येईल, खराब झालेला खांब काढून त्याच साच्याचा नवा ओतून बसवता येईल. ऑर्डिशने ज्या क्रिस्टल पॅलेसवर काम केलं तो अख्खा पॅलेस प्रदर्शन संपल्यावर हाइड पार्कमधून सोडवून सिडनहॅमला नेऊन पुन्हा उभा केला होता, १८५० च्या दशकात. दगडी बिल्डिंगला हे जमत नाही, लोखंडी सांगाड्याला जमतं. आणि बीड ओतायचं म्हणाल तर ते आपल्याला परकं नाही, कोल्हापूरच्या फौंड्र्या देशभर माल पाठवतात, चांगलं पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, दिलं तर असे ब्रॅकेट आणि कठडे ओतायला आपली माणसं समर्थ आहेत. खर्च येईल, खूप येईल. पण मुंबईने हे आधी करून दाखवलंय. आमच्या जवळचं ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद पडलेलं, सगळ्यांनी सोडून दिलेलं, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, आज तिथे नाटकं आणि गाणी होतात. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम बघून या, आतलं लोखंडी काम डोळ्यांचं पारणं फेडतं. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, आपण मिरवलो, पेपरात फोटो आले. तिथून वॉटसन हाकेच्या अंतरावर आहे.

म्हणून सरकारकडे, म्हाडाकडे, महापालिकेकडे आणि ज्यांचा ज्यांचा या बिल्डिंगशी संबंध आहे त्या सगळ्यांकडे माझी कळकळीची विनंती आहे. पाडायचा विचार पूर्णपणे सोडा. भाडेकरूंचं आणि मालकाचं जे काही देणंघेणं असेल ते एकदा बसून मिटवा, कारण ते मिटत नाही तोवर कुठलाही कॉन्ट्रॅक्टर हात लावणार नाही. दुरुस्ती झाल्यावर वरचे मजले ऑफिसला द्या, हॉटेलला द्या, पैसा तर उभा राहायला हवा, माझं काही म्हणणं नाही. पण मधला चौक लोकांसाठी खुला ठेवा आणि तिथे सिनेमाच्या सुरुवातीचं छोटं संग्रहालय करा, जिथे ७ जुलैच्या सहा फिती दाखवल्या जातील. त्या ल्युमिएरच्या फिती आजही बघायला मिळतात, त्यासाठी शोधाशोध करायची गरज नाही.

आणि हे सगळं होईल तेव्हा होईल, तोवर एक काम येत्या ७ जुलैपर्यंत करता येण्यासारखं आहे. बिल्डिंगसमोरच्या फूटपाथवर एक फलक लावा. मराठीत. त्यावर १८९६ ची तारीख असू दे, सेस्टिएरचं नाव असू दे आणि त्याच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरात, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे पूर्ण नाव असू दे. सिनेमावाल्यांपैकी कोणी खर्च उचलायला पुढे आलं तर उत्तमच, नाही आलं तर वर्गणी काढायला आम्ही गिरगावकर तयार आहोत, परवानगी तेवढी कोणाकडे मागायची ते आपल्या पेपरातून कळलं तर अर्ज लगेच करतो.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, गिरगाव, मुंबई